सात सह्या, एक पावतीपुस्तक: गावातलं युवक मंडळ केवढ्याला पडतं?

गावात मंडळ काढायला काही लागत नाही, असं आम्हाला वाटत होतं. पारावर आठ-दहा जण बसलो, नाव ठरलं, दुसऱ्या दिवशी एसटी थांब्यावर फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर पंचवीस चेहरे होते. बँकेत खातं नव्हतं. त्या फ्लेक्सचे पैसे कोणी भरले, हे आजही कोणाला छातीठोकपणे सांगता येत नाही. मी मंडळाचा खजिनदार होतो, म्हणजे वर्गणीची पिशवी माझ्या घरी खुंटीला टांगलेली असायची, एवढंच.

पुढे हेच मंडळ नोंदवलं, त्यात फसलो, शिकलो. आता आजूबाजूच्या गावांतली पोरं विचारायला येतात, "दादा, किती खर्च येतो?" त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय. सरकारी फी आणि पुरस्कारांच्या रकमा ठरलेल्या असतात, तरी अर्ज करताना त्या वर्षीचं पत्रक बघाच. सीए, फ्लेक्स, मांडव यांचे आकडे मात्र आमच्या साताऱ्याकडच्या दुष्काळी पट्ट्यातले, अदमासे आहेत. तुमच्याकडे थोडं इकडंतिकडं होईल.

नोंदणी: पन्नास रुपये आणि बारा हजार रुपये

महाराष्ट्रात मंडळाची नोंदणी दुहेरी असते. एक १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि दुसरी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. दोन्ही कामं जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातच होतात. किमान सात सभासद लागतात. १८६० च्या कायद्यात नोंदणीची फी लिहिली आहे पन्नास रुपये. दुसऱ्या नोंदणीची फीही किरकोळच असते.

मग आमचे बारा हजार कुठे गेले? एजंटाकडे. त्याने काही बेकायदा केलं नाही. कागद तयार करून देण्याचे पैसे घेतले. कागद म्हणजे संस्थेची घटना आणि नियमावली, कार्यकारी मंडळाची यादी, प्रत्येकाचं संमतिपत्र, ओळखपत्रांच्या प्रती, कार्यालय म्हणून ज्याचं घर दाखवायचं त्याचं ना-हरकत पत्र आणि त्या घराची घरपट्टीची पावती किंवा वीजबिल. हे काम अवघड नाही, किचकट आहे. शेजारच्या गावातल्या मंडळाने एका निवृत्त गुरुजींना हाताशी धरलं आणि टायपिंग, झेरॉक्स, एसटीच्या चार फेऱ्या आणि एक नोटरी धरून अडीच हजारांत सगळं उरकलं. कुठे मुद्रांक लागलाच तर एक ध्यानात ठेवा, ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभराच्या मुद्रांकाची कामं पाचशेच्या मुद्रांकावर होतात. अंदाजपत्रकात शंभर धरून बसू नका.

आमच्या एजंटाने घटना दुसऱ्या कोणाची तरी उचलून दिली होती. उद्देशांत गोशाळा, वसतिगृह आणि तंत्रनिकेतन होतं. आम्ही जेमतेम व्हॉलीबॉलची जाळी बांधू शकणारी माणसं. एवढं खपलं असतं, पण चौथ्या पानावर नाव दुसऱ्याच मंडळाचं राहून गेलं होतं. अर्जावर त्रुटी निघाली, तीन महिने गेले, आणि दुरुस्तीचे एजंटाने पुन्हा पैसे मागितले. तेव्हा घटना स्वतः वाचा, सातही जणांनी, मोठ्याने. तीन गोष्टी तपासा: निवडणूक किती वर्षांनी, सभासद कोणाला होता येतं आणि मंडळ बंद पडलं तर शिल्लक कुठे जाणार. उद्देश जे खरंच करणार तेवढेच लिहा.

आणखी एक. आमच्या घटनेवरच्या सातही सह्या पोरांच्या होत्या. गावातल्या मुली रांगोळीला आणि हळदीकुंकवाला बोलवायच्या, कागदावर नाहीत, असा तेव्हाचा रिवाज. त्याची किंमत पुढे मोजावी लागली, ते पुरस्कारांच्या भागात येईल.

दर वर्षीचा खर्च

नोंदणी म्हणजे लग्न. संसार पुढे असतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपलं की सहा महिन्यांत हिशेब तपासून घ्यायचा असतो. आमच्याकडे लहान संस्थेचं ऑडिट करायला सीए तीन ते सहा हजार घेतात. कागद पिशवीत कोंबून नेले तर सहा, पावत्या क्रमाने लावून नेल्या तर तीन. मी दोन्ही करून पाहिलंय.

अध्यक्ष बदलला, कोणी राजीनामा दिला, कोणी मुंबईला गेला, तर त्या बदलाचा अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. लोक याला 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. गावातली निम्मीअधिक मंडळं इथे मरतात, असं माझं मत आहे. भांडण होतं, नवी कमिटी बसते, कागदावर जुनीच राहते. मग बँक जुन्या सह्या मागते आणि जुना अध्यक्ष सही देत नाही. आमच्या खात्यातले अकरा हजार असे दीड वर्ष अडकून पडले होते. वेळेत अर्ज दिला असता तर चार-पाचशे रुपयांत भागलं असतं.

पॅन कार्डाला शंभराच्या आसपास. बँक खात्याला ठराव आणि दोघांच्या सह्या, बाकी किमान शिल्लक किती ते बँकेत आधीच विचारा. नीती आयोगाच्या 'दर्पण' पोर्टलवर संस्थेची नोंद फुकट होते. देणगीदाराला करात सवलत देणारी ८०-जी ची नोंद आयकर खात्याच्या संकेतस्थळावर करायला फी नाही, पण ते काम सीएकडून करून घ्यावं लागतं आणि तो तीन-चार हजार घेतो. पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका. गावात शंभर-दोनशेची वर्गणी देणारा माणूस ८०-जी विचारत नाही. पुण्या-मुंबईतला गावकरी पंचवीस हजार देतो म्हणाला की मग करा. त्यालाही सांगा की दोन हजारांच्या वर रोख दिले तर सवलत मिळत नाही, चेक किंवा ऑनलाइनच पाठव.

नोंदणी करायचीच नसेल, नुसता वर्षातून एकदा गणपती बसवायचा असेल, तरी वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. कायद्यात त्यासाठी वेगळं कलम आहे, ४१-क. अर्ज ऑनलाइन होतो. नंतर हिशेब द्यावा लागतो. गावाकडे हे कोणी विचारत नाही हे खरं, पण वर्गणीवरून तक्रार झाली की पहिला प्रश्न हाच येतो.

एकूण सांगायचं तर पहिल्या वर्षी एजंटाशिवाय पाच-सात हजार आणि पुढे दर वर्षी चार-पाच हजार धरून ठेवा. आम्ही तेव्हा फ्लेक्सला याहून जास्त देत होतो. दहा-बारा रुपये चौरस फूट, दहा बाय आठचा एक, म्हणजे हजाराला एक. वाढदिवस, जयंती, नेत्याचं स्वागत असे वर्षाला सात-आठ.

उपक्रम: स्वस्त काय, महाग काय

रक्तदान शिबिर हा सगळ्यांत स्वस्त उपक्रम आहे आणि आपणच तो महाग करतो. डॉक्टर, पलंग, पिशव्या, प्रमाणपत्रं, दात्यांचा चहा-नाश्ता हे परवानाधारक रक्तकेंद्र आणतं. मंडळाने द्यायचा तो एक हवेशीर हॉल, पंखे, टेबल-खुर्च्या, पाणी. शाळेचा हॉल मिळाला तर हजार रुपयांत शिबिर होतं. पण आमच्याकडे प्रत्येक दात्याला हेल्मेट, जार, कुठे कुठे मिक्सरसुद्धा देण्याची चढाओढ लागलीय. रक्ताला पैसे देण्यावर देशात १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे, ती कशासाठी होती ते आठवा. बक्षिसाच्या आशेने आलेला माणूस गेल्या महिन्यातली कावीळ सांगत नाही. दात्याचं वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, आणि दोन रक्तदानांत पुरुषांना तीन व स्त्रियांना चार महिन्यांचं अंतर, हे फ्लेक्सवर चेहऱ्यांच्या जागी छापा.

अजून एक हिशेब आम्हाला रक्तकेंद्रातल्या ताईंनी शिकवला. साठवलेल्या लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात. एका दिवसात दोनशे पिशव्यांचा विक्रम करण्यापेक्षा पन्नासची चार शिबिरं घ्या, आणि त्यातलं एक मे महिन्यात घ्या, जेव्हा कॉलेजं बंद असतात आणि रक्त मिळत नाही. आम्ही तसं केलं. बातमी छोटी आली.

झाडांचं उलट आहे. रोप स्वस्त, झाड महाग. वनमहोत्सवाच्या काळात, म्हणजे जून मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, वन विभागाच्या रोपवाटिकेत सवलतीचे दर असतात. अलीकडच्या हंगामांत नऊ महिन्यांचं रोप दहा रुपयांना आणि दीड वर्षाचं चाळीसला मिळत होतं. दोनशे रोपांना दोन हजार. फोटो झाला, पाहुणे गेले. पुढचे तीन उन्हाळे कोण पाणी घालणार? लोखंडी जाळी घेतली तर एका झाडाला सात-आठशे. बोरीबाभळीच्या काट्यांचं कुंपण फुकट, पण दर वर्षी नवं करावं लागतं. आमच्या हिशेबाने जगलेलं एक झाड तीन वर्षांत चारशे रुपयांच्या खाली पडत नाही, श्रम न धरता. म्हणून दोनशे लावू नका. तीस लावा, चाळीसवाली मोठी रोपं घ्या, आणि प्रत्येक झाडाला एक घर नेमून द्या. आमची पहिल्या वर्षीची दोनशे गेली. दुसऱ्या वर्षीच्या तिसांतली बावीस शाळेमागे उभी आहेत.

श्रमदानाला पैसे लागत नाहीत म्हणतात. टिकाव, फावडी, घमेली गावात असतात हे खरं. पण सकाळी सहाला शंभर माणसं माळावर गेली की पाणी, गूळ-शेंगदाणे, प्रथमोपचाराची पेटी लागते, आणि कधीतरी कोणाच्या पायावर दगड पडतो. आमच्या इथे एका पोराच्या पायाला चार टाके पडले आणि दवाखान्याचं बिल कोणी द्यायचं यावर बैठक झाली. तेव्हापासून श्रमदानाच्या यादीत नाव घालण्याआधी आम्ही एकच विचारतो: पंतप्रधान सुरक्षा विमा काढलाय का? वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. हप्ता बँक खात्यातून कापला जातो, विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. टाक्यांचं बिल त्यातून निघत नाही, ते मंडळालाच द्यावं लागतं, त्यासाठी दोन-तीन हजार बाजूला ठेवा. पण मोठं काही झालं तर घरच्यांच्या हाती काहीतरी पडतं. ज्या पोराचे फ्लेक्सला वीस रुपये जातात, त्याच्या विम्याला वीस रुपये नाहीत असं होऊ नये.

श्रमदानाचं वेड आमच्याकडे कुठून आलं, हे सांगायला नको. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपची पहिली स्पर्धा २०१६ मध्ये तीनच तालुक्यांत झाली: वरुड, अंबाजोगाई आणि आमच्या शेजारचं कोरेगाव. त्यात कोरेगावचं वेळू पहिलं आलं, बक्षीस पन्नास लाख. ती बातमी ऐकून आमच्या गावात दोन गोष्टी झाल्या. पंचवीस पोरांनी खरंच टिकाव उचलला, आणि दहा जणांनी पन्नास लाखांचं काय करायचं यावर वाद घातला.

गडाच्या पायथ्याचं गाव असेल तर गडसफाईची हौस असते. कचरा, प्लास्टिक उचला. पण संरक्षित स्मारकात पुरातत्त्व विभागाला विचारल्याशिवाय खणू नका, दगड रचू नका, बुरुजाला चुना-रंग लावू नका. परवानगीचा अर्ज फुकट आहे, दंड फुकट नाही.

कबड्डीच्या स्पर्धेबद्दल सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, माती गावची, लाइट भाड्याचे. पैसा जातो तो बक्षिसांवर, मांडवावर आणि आवाजावर. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, हा नियम २००० सालापासून आहे, म्हणून सामने दुपारी चारला सुरू करा, अर्धा लाइट वाचतो.

कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर गावात बोलवायची संधी मात्र मंडळं दवडतात. ही योजना १९६९ पासून चालू आहे. तिच्यातल्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांत २४० तासांची सेवा आणि सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं असतं. कॉलेजला शिबिरासाठी अनुदान येतं, गावाने शाळेच्या खोल्या, पाणी, संडास आणि एक वेळची भाकरी बघायची. पन्नास पोरांच्या भाकरी आमच्या गावाने घरटी वाटून घेतल्या, मंडळाचे चार हजारही खर्च झाले नाहीत. तेवढ्यात गावच्या विहिरींची मोजणी झाली, जी आम्ही पाच वर्षं करणार होतो.

आणि १५ ते २९ वयाच्या पोरापोरींनी 'मेरा युवा भारत'च्या पोर्टलवर नाव घालावं, फी नाही. ३१ ऑक्टोबर २०२३ ला ते सुरू झालं, आणि जुन्या नेहरू युवा केंद्राचं काम आता त्याच नावाखाली चालतं. नेहरू युवा केंद्र म्हटलं की आमच्या वडीलधाऱ्यांना आठवतो तो व्हॉलीबॉल आणि जाळी.

पुरस्कार: खरे आणि विकाऊ

खऱ्यांपासून सुरू करू. राज्याच्या क्रीडा व युवक सेवा विभागाचा जिल्हा युवा पुरस्कार असतो. युवकाला १० हजार, युवतीला १० हजार, संस्थेला ५० हजार, शिवाय गौरवपत्र आणि सन्मानचिन्ह. राज्य पातळीवर व्यक्तीला ५० हजार, संस्थेला एक लाख. वयाची अट १३ ते ३५. अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात, फी नाही. केंद्राच्या राष्ट्रीय युवा पुरस्कारात व्यक्तीला एक लाख, संस्थेला तीन लाख, वय १५ ते २९, अर्ज ऑनलाइन. गणेश मंडळांसाठी राज्याने २०२२ मध्ये स्पर्धा सुरू केली, तेव्हा पहिलं बक्षीस पाच लाखांचं होतं. तिथेही धर्मादाय नोंदणी किंवा पोलीस ठाण्याची परवानगी मागितली जाते.

आता अटी वाचा. जिल्हा पुरस्काराला संस्था नोंदलेली हवी आणि नोंदणीनंतर किमान पाच वर्षं काम करत असलेली हवी. गेल्या तीन वर्षांच्या कामाचे पुरावे लागतात: कात्रणं, फोटो, पत्रं. आमच्या मंडळाचं काम बारा वर्षांचं, नोंदणी उशिराची. म्हणजे आधीची सगळी वर्षं कागदावर नाहीतच. आणि युवतीचा स्वतंत्र पुरस्कार आहे हे कळलं तेव्हा नाव द्यायला गेलो, तर ज्या मुलीने शाळेमागची झाडं जगवली तिचं नाव मंडळाच्या एकाही ठरावात, एकाही इतिवृत्तात नव्हतं. पुरावा काय जोडणार? ती पुढच्या वर्षी लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेली. व्यक्तीला जिल्ह्यातल्या पाच वर्षांच्या वास्तव्याची अट असते, म्हणजे तिथेही ती बसली नाही.

पुराव्यांची फाइल करायला खर्च किती? साठ रुपयांचं रजिस्टर, शंभराची फाइल. प्रत्येक उपक्रमानंतर तारीख, हजेरी, खर्च, दोन फोटो, सरपंच किंवा मुख्याध्यापकांचं चार ओळींचं पत्र. पत्र त्याच आठवड्यात घ्या. तीन वर्षांनी मागायला गेलात तर मुख्याध्यापक बदललेले असतात.

आता विकाऊ पुरस्कार. एक दिवस फोन आला: आपल्या मंडळाची राज्यस्तरीय समाजगौरव पुरस्कारासाठी निवड झाली आहे. आम्ही अर्जच केला नव्हता. समारंभ शहरातल्या एका सभागृहात, नोंदणी शुल्क ३,१०० रुपये, त्यात शाल, श्रीफळ, ट्रॉफी आणि जेवण. सोबत येणाऱ्याला वेगळे चारशे. अध्यक्षांनी भरले. तिथे गेलो तर आमच्यासारखी दीडशे माणसं रांगेत, प्रत्येकाला वीस सेकंद आणि एक फोटो. गाडीभाडं धरून सात हजार गेले. ती ट्रॉफी मंडळाच्या कपाटात आहे. क्रीडा कार्यालयात दाखवली तर बाबू हसले, काही बोलले नाहीत.

ओळखायचं कसं? खरा पुरस्कार पुरावे मागतो, हा पैसे मागतो. खऱ्याला जाहिरात, अटी, शेवटची तारीख असते. याला फक्त 'आज संध्याकाळपर्यंत भरा' असतं. संस्थेच्या नावात भारत, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय किंवा पत्रावर सिंहाची मुद्रा दिसली म्हणून ती सरकारी होत नाही. मानद डॉक्टरेट देतो म्हणणारा भेटला तर विद्यापीठ कोणतं ते विचारा. कायद्याने पदवी द्यायचा अधिकार विद्यापीठांनाच आहे. पैसे भरून झाले असतील आणि फसवणूक वाटत असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन पैसे उकळले असतील तर वेळ न घालवता १९३०. पावती मागून घेतलेली असेल तरच पुढे काही होतं, आणि आमच्या अध्यक्षांनी ती मागितली नव्हती.

आता आमच्या घटनेवर तीन मुलींच्या सह्या आहेत, खजिनदार त्यांतलीच एक आहे, आणि वर्गणीची पिशवी माझ्या खुंटीवरून गेली. नोंदणीला पाच वर्षं पुढच्या मार्चमध्ये पूर्ण होतील. जिल्हा पुरस्काराचा अर्ज तेव्हा भरणार आहोत. तुमची नोंदणी अजून व्हायची असेल तर ती या महिन्यातच करून टाका, कारण पाच वर्षं त्या तारखेपासून मोजतात.